वाळूज ते वेरूळ, मागच्या सीटवरून

मैत्रिणींनो, वेरूळला तुम्ही कधी ना कधी आलाच असाल. शाळेच्या सहलीबरोबर, नाही तर लग्नानंतर घृष्णेश्वराच्या दर्शनाला. बहुतेकींना कैलास लेणं आठवतं आणि चढून-उतरून दुखलेल्या पोटऱ्या आठवतात. मला मात्र वेरूळ म्हटलं की आधी दौलताबादच्या घाटातलं एक वळण आठवतं आणि आमच्या ह्यांच्या उजव्या पायाखालून आलेला 'खर्र' असा आवाज. तो आवाज आला नसता तर आज हा लेख लिहायला मी बसले नसते.

आम्ही राहतो वाळूजला. म्हणजे पत्ता वाळूजचा. जुनं वाळूज गाव नगर रस्त्यावर जरा पुढे आहे, आणि आम्ही राहतो ते बजाजनगर. शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण माहेरची माणसं फोनवर अजून "औरंगाबादला पाऊस आहे का गं?" असंच विचारतात. इथे बजाज ऑटोच्या कारखान्याचं उद्घाटन १९८५ साली राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झालं. अवघ्या १६ महिन्यांत तो उभा राहिला, हे इथली जुनी माणसं स्वतःच्या घराची वास्तुशांत सांगावी तसं सांगतात. पुढच्याच वर्षी जपानच्या कावासाकीबरोबर केलेली मोटारसायकल आली. मग आजूबाजूला सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले, आणि त्यांच्यामागून आम्ही आलो, कोणी बीडची, कोणी जालन्याची, कोणी परभणीची. इथं पहाटे पाचला गल्लीत फोडणीचा वास सुटतो, कारण फर्स्ट शिफ्टचे डबे निघायचे असतात. इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी दहा-अकराचा पाना आणि बारा-तेराचा पाना ओळखता येतो. मी शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. 'शोध' या विषयावर निबंध दिला तर निम्म्या वर्गात गिअरबॉक्सच निघतो!

आणि अशा गावात राहून, लग्नाला अकरा वर्षं होऊन, मोटारसायकलवर मागे कसं बसायचं हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय ठाऊक असायचंय? मलाही तसंच वाटत होतं.

दसऱ्याला गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला आणि येत्या रविवारी वेरूळला जायचं ठरवलं. मुलीला सासूबाईंपाशी ठेवलं. दुचाकीवर दोघांपेक्षा जास्त बसू नये असा कायदा आहे, आणि तेवढा एक तरी आम्ही पाळतो. साजापूर, करोडी करत शरणापूर फाट्यावर निघालो की शहरात शिरावं लागत नाही. फाट्यापासून पुढे दौलताबादचा किल्ला दिसू लागतो. यादवांची ही देवगिरी. तासून गुळगुळीत केलेला डोंगर आणि शेजारी चाँद मिनार. इतिहास शिकवणारीला तिथे थांबल्याशिवाय राहवत नाही, आणि आमच्या ह्यांना थांबवत नाही. "येताना बघू" म्हणाले. रस्ता एका जुन्या दरवाज्याच्या कमानीतून जातो आणि लगेच घाट लागतो. पाऊस नुकताच सरलेला, डोंगर अजून हिरवे, कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. वर सपाटीवर कागजीपुरा आहे. तिथे हातकागद बनतो, आणि त्याची परंपरा तुघलकाच्या काळापासून सांगतात. त्यापुढे खुलताबाद, भद्रा मारुतीचं देऊळ, आणि मग उतरून वेरूळ.

लेण्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. चौतीस लेणी एका परिच्छेदात कोंबणं बरं नव्हे.

परतताना चार वाजले. अंगावर सिल्कची साडी होती, सणाचे दिवस म्हणून नेसलेली. मांडीवर सीताफळांची पिशवी, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर, डाव्या हाताने पिशवी धरलेली. मागचा दांडा धरायला तिसरा हात हवा होता, तो नव्हता! दोन्ही पाय डावीकडे, लेडीज फूटरेस्टवर. आपण सगळ्याजणी बसतो तशीच बसले होते. दौलताबादचा घाट उतरताना एक उजवं वळण आलं. गाडी उजवीकडे झुकली. आता बघा, डावीकडे तोंड करून बसलेल्या बाईला गाडी उजवीकडे झुकली की काय वाटतं? आपण पाठीवर पडतोय असं वाटतं. मागे काहीच नाही. सिल्क तर रेक्झिनवरून अशी सरकते की विचारू नका. मी जिवाच्या आकांताने पुढे, म्हणजे डावीकडे, ओणवी झाले आणि ह्यांचा खांदा गच्च ओढला.

खर्र!

ठिणगी उडाली असं हे नंतर म्हणाले, मी पाहिली नाही. गाडीने झटका दिला, ताठ झाली आणि वळायचं सोडून सरळ डाव्या कडेला निघाली. कडेचा कठडा आणि आम्ही यांच्यात हातभर अंतर राहिलं तेव्हा ती थांबली. सीताफळं उतारावरून गडगडत खाली गेली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळीच ब्रेक दाबला, त्याचे उपकार. हे उतरले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. अकरा वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "किती जोरात चालवता!" हे म्हणाले, "तू का हललीस?" घरापर्यंत एक शब्द नाही. सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी निकाल दिला, "गाडी विकून टाका." गाडी विकायची म्हणजे ह्यांनी सेकंड शिफ्टहून रात्री बारानंतर कशाने यायचं? मी शाळेत कशी जायची? तीन आठवडे मी रिक्षाने गेले, चारजणींच्या मांड्यांवर दप्तरं घेऊन. गाडीकडे नजर गेली की पोटात गोळा यायचा, आणि ह्यांच्याकडे नजर गेली की राग. सगळा दोष त्यांच्या वेगाचा, असंच मनाने घेतलं होतं.

आमच्या शेजारी एक काका राहतात. उभं आयुष्य त्यांनी गाड्या चालवून तपासण्याचं काम केलं, आता निवृत्त आहेत. त्यांची नात माझ्याकडे शिकवणीला येते, म्हणून ते मला बाई म्हणतात. एकदा संध्याकाळी ते आमच्या गाडीपाशी उकिडवे बसलेले दिसले. उजव्या फूटरेस्टचं टोक बोटाने चाचपत होते. लोखंड घासून चकचकीत झालेलं, लिंबाची फोड कापावी तसं तिरपं.

"बाई, हे घाटात झालं ना? मागे कोण होतं?"

"मीच होते. ह्यांनी वेग..."

"वेग होताच. पण निम्मं काम तुमचं आहे, रागावू नका," काका म्हणाले.

रागावलेच होते. पण त्यांनी जे समजावलं ते तुम्हाला सांगते, कारण हे मला कोणत्याच मासिकाने किंवा सासरमाहेरच्या माणसाने सांगितलं नव्हतं.

माझी आजी पैठणजवळच्या खेड्यातली. तिच्या डाव्या कमरेवर घागर असली की तिचं अंग आपोआप उजवीकडे कलायचं. घागर जेवढी जड, तेवढी आजी तिरपी. तोल घागरीचा आणि आजीचा मिळून एकच असतो. मोटारसायकलचंही तसंच. वळणावर गाडी, चालवणारा आणि मागे बसणारी, तिघांचा मिळून एक तोल, आणि त्या तोलाला वळणाच्या आतल्या बाजूला ठराविक कोनात झुकावंच लागतं. किती, ते वेग आणि वळण ठरवतात. आपली भीती ते ठरवत नाही. मी भिऊन बाहेरच्या बाजूला कलले की माझ्या वाट्याचं झुकणं गाडीवर पडतं. तिला आणखी आडवं व्हावं लागतं, आणि मग जे खाली लोंबतंय ते रस्त्याला लागतं. उजवीकडे फूटरेस्ट किंवा सायलेन्सर, डावीकडे स्टँड किंवा आपली ती लेडीज फूटरेस्ट. त्यातही एका बाजूला पाय टाकून बसल्यावर पायांचं वजन डावीकडे जातं, म्हणून सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी किंचित उजवीकडे कललेली असते. उजव्या वळणात आधीच ती उधारी असते!

मुलीच्या कंपास पेटीतला कोनमापक आणून काकांनी मला कोन दाखवले. ३० मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी ३० किलोमीटरने गेलं तर साधारण १३ अंश झुकावं लागतं. ४० ने गेलं तर २३ अंश. आणि ६० ने? ४३ अंश. वेग दुप्पट केला तर रस्त्यावरची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. दोन माणसं बसलेली साधी गाडी ४३ अंशांपर्यंत पोचायच्या आधीच खाली घासते. शर्यतीतले लोक ६० अंशांच्याही पुढे झुकतात, गुडघा आणि कोपर रस्त्याला टेकवतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला झालेली मोटोजीपीची शर्यत ह्यांनी मुलीला मोबाईलवर दाखवली होती. पण त्यांचे टायर वेगळे, फूटरेस्ट उंच, आणि ते अंग गाडीच्या आतल्या बाजूला लोंबकळवतात ते याच हिशोबाने. अंग आत गेलं की गाडीला कमी झुकावं लागतं. मी घाटात नेमकं उलटं केलं होतं.

फूटरेस्ट घासली हे आमचं नशीबच, असं काका म्हणाले. तिला बिजागर असतं, ठोकर लागली की ती वर दुमडते. आवाज करून ती सांगते, 'बास, आता पुढे नको.' काही गाड्यांना तर तिच्या टोकाला मुद्दाम एक बोंडासारखा बोल्ट लावलेला असतो, आधी तो घासावा म्हणून. मधला स्टँड, सायलेन्सर किंवा अर्धवट राहिलेला साइड स्टँड यांना वर दुमडायला जागा नसते. ते टेकले की गाडी त्यांच्यावर उचलली जाते, चाक रस्ता सोडतं, आणि मग काही हातात राहत नाही. आता बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असेल तर चालूच होत नाहीत. पण आपल्याकडे नवी गाडी कितीजणींकडे असते? निघताना स्टँड वर आहे का हे मागे बसणारीनेच बघावं. आपल्या बाजूलाच तो असतो.

दुसरी चूक गाडीच्या तयारीत होती. दोघं बसलो की मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि गाडी खाली बसते. त्यावर चार-पाच खाचांचं एक कडं असतं. सी आकाराच्या पान्याने ते एक-दोन खाचा फिरवलं की गाडी उचललेली राहते. आमचं कडं गाडी घेतल्या दिवसापासून पहिल्याच खाचेवर होतं. मागच्या चाकाची हवाही तशीच. एकट्याला २८ लागत असेल तर दोघांना ३२ वगैरे लागते, गाडीगणिक आकडा वेगळा, पुस्तिकेत लिहिलेला असतो. आमची पुस्तिका कुठे सापडली ठाऊक आहे? पोळपाट डगमगू नये म्हणून ओट्यावर त्याच्याखाली!

आणि तिसरं ह्यांचं. त्यांनाही बोलणी बसली, ते ऐकून मला बरं वाटलं हे कशाला लपवू? ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. वळणात मधेच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढच्या चाकावर येतं, गाडी पुढून दबते आणि जमिनीशी उरलेलं अंतर कमी होतं. आधीच हळू व्हायचं, मग एकसारख्या हाताने वळण पार करायचं, आणि नजर कठड्यावर नाही, वळण जिथे संपतं तिथे ठेवायची. नजर जिथे, गाडी तिथे. स्वयंपाकघरातही, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघत चिरायला बसलं की बोट कापतं, तसंच.

एक गोष्ट तर मला खोटीच वाटली. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हँडल हलकेच पुढे ढकलायचा! म्हणजे क्षणभर चाक डावीकडे जातं, आणि गाडी उजवीकडे झुकते. मुलीच्या सायकलवर मी गल्लीत करून पाहिलं. खरंच की! आपण लहानपणापासून हेच करतो, फक्त कळत नाही. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचं आधी सायकलचं दुकान होतं, आणि त्यांच्यातल्या विल्बरने हीच गोष्ट नोंदवून ठेवली होती, की सायकल चालवणारे हे करतात पण त्यांना ते माहीत नसतं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून माझी मजा बघत होत्या, ते सोडा.

मग सराव. सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर काकांनी विटा मांडल्या आणि आम्हाला त्यांच्यामधून फिरवलं. हळू, अगदी वीसच्या वेगाने. माझं काम एकच. ज्या बाजूला वळण, त्या बाजूच्या ह्यांच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा. एवढं केलं की अंग आपोआप गाडीबरोबर जातं. मुद्दाम जास्त झुकायचं नाही, ताठही बसायचं नाही. पण एका बाजूला पाय टाकून हे जमत नाही, ते पहिल्याच फेरीत कळलं. मी घरी येऊन सलवार-कुर्ता घातला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. "चांगलं दिसतं का गं ते?" एवढंच म्हणाल्या, पण मी चहा टाकेपर्यंत दुसरं काही बोलल्या नाहीत. मी वाद घातला नाही. संध्याकाळी त्यांना ती घासलेली फूटरेस्ट दाखवली. त्यांनी बोट फिरवलं, आणि विषय निघाला नाही.

साडीवर बसूच नये असं मी म्हणत नाही. लग्नकार्याला आपण काय करणार? आपल्यासाठी कायद्यानेही विचार केला आहे बरं का. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याला धरायला दांडा, पाय ठेवायला जागा आणि निम्मं मागचं चाक झाकणारं आवरण असलंच पाहिजे असं लिहिलंय, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. तेच आपलं साडीगार्ड. काही हौशी मुलं ते दिसायला बरं नाही म्हणून काढून टाकतात. तुमच्या घरी असं कोणी असेल तर आजच परत लावून घ्या. साडी असेल तेव्हा सुती नेसा, पदर कमरेला खोचून पिन लावा, डावा हात मागच्या दांड्यावर ठेवा, आणि पिशवी मांडीवर नको, गाडीला अडकवा. ओढणी गळ्याभोवती गुंडाळू नका, कमरेला बांधा. हेल्मेट मागे बसणारीलाही सक्तीचं आहे. अंबाडा आड येतो ही माझीही सबब होती. मानेपाशी सैल वेणी घातली की हेल्मेट नीट बसतं. आणि साडीवर मागे कोणी असेल तेव्हा चालवणाऱ्याने घाटात तीसच्या वर जाऊ नये, हे त्याला निघण्याआधी सांगायचं, वळणात नाही.

वाळूजची बॉक्सर आफ्रिकेत जाते, युगांडासारख्या देशात तिच्यावर भाड्याची वाहतूक चालते. तिथेही बायका एका बाजूला पाय टाकून बसतात, असं मी व्हिडिओत पाहिलं. मला आपल्याच गल्लीतल्या वाटल्या.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. त्याच रस्त्याने, मुद्दाम. शॉकॲब्सॉर्बर दोन खाचा वर, हवा भरलेली, माझ्या डोक्यावर हेल्मेट. जाताना देवगिरीला थांबलो, पुरे दोन तास! परतताना घाट आला तेव्हा माझे तळहात ओले झाले, खोटं सांगत नाही. ह्यांनी वळणाच्या बरंच आधी गिअर उतरवला. गाडी उजवीकडे झुकली. मी ह्यांच्या उजव्या खांद्यावरून पाहिलं, कठडा आपोआप बाजूला सरकत गेला आणि पुढचा रस्ता उघडला. आवाज आला तो फक्त इंजिनाचा. दोन वळणांनंतर हे म्हणाले, "बसलीस ना गं? मागे कोणी आहे असं वाटतच नाही." अकरा वर्षांत माझी इतकी तारीफ त्यांनी पुरणपोळीवरही केली नव्हती.

सासूबाईंना आता भद्रा मारुतीला जायचंय. मी म्हटलं, "चला, ह्यांच्या मागे बसा, कसं बसायचं ते मी शिकवते." त्यांनी एस.टी.नेच जायचं ठरवलंय. म्हणतात, एस.टी. वाकत नाही.